समोर तीनच गडी उरलेत, मग लोण का होत नाही? कबड्डीतल्या शेवटच्या घासाचं गणित

महाविद्यालयीन कबड्डीचे सामने सुरू झाले की नाशिकपासून नगर-पुण्यापर्यंत मोबाईलवर एक ठराविक प्रकारचा व्हिडिओ फिरायला लागतो. एका संघाचे चार गडी बाहेर बसलेत. मैदानात उरलेत तीन. समोरच्या संघाचा भरवशाचा चढाईपटू आत शिरतो, मागून पोरं ‘लोण, लोण’ ओरडतात आणि पुढच्या पाच सेकंदांत तो तिघांच्या खाली दाबला जातो. गुणफलक फिरतो, सामना फिरतो. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘घाबरला’, ‘ओव्हर कॉन्फिडन्स’, ‘एवढं सोपं होतं, तेही जमलं नाही’.

पण ते खरंच सोपं होतं का?

सात गडी समोर असताना धडाधड गुण घेणारा संघ तीन गडी उरल्यावर अडकतो, हे एकदा-दोनदा नाही, पुन्हा पुन्हा घडतं. घडतंय तर त्यामागे काहीतरी कारण असणार. ते कारण पोराच्या छातीत शोधण्याआधी खेळाच्या नियमांत शोधलं, तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

आधी मैदान समजून घेऊ

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मध्यरेषेमुळे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचं अंगण येतं. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॉबी असते. झटापट सुरू होईपर्यंत ती वापरता येत नाही. म्हणजे खेळायला खरी रुंदी मिळते ८ मीटर.

मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते. चढाईपटूने कुणालाही न शिवता परत यायचं असेल, तर किमान ती रेषा ओलांडावीच लागते. नाहीतर तो बाद. तिच्यापुढे आणखी १ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील, तर ती ओलांडून एक गुण मिळवता येतो, कुणाला हात लावायचीही गरज नसते.

चढाईला वेळ ३० सेकंद. सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा. समोरचा अख्खा संघ बाद केला की लोण आणि लोणाचे दोन जादा गुण.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. खरी गंमत पुढच्या दोन नियमांत आहे. हे दोन नियम २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीमुळे घराघरांत पोहोचले आणि आता महाविद्यालयांच्या मैदानावरही सामने फिरवतात.

पहिला नियम : अव्वल पकड

बचाव करणाऱ्या संघाचे तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असतील आणि त्यांनी चढाईपटूला पकडलं, तर त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. टीव्हीवर याला ‘सुपर टॅकल’ म्हणतात, मराठी बातम्यांत ‘अव्वल पकड’.

आता साधा हिशेब करा. समोर चार गडी आहेत. चढाईपटूने एकाला टिपलं तर १ गुण मिळणार, पकडला गेला तर १ गुण जाणार. सौदा बरोबरीचा. दहापैकी पाच वेळा जमलं तरी नुकसान नाही.

समोर तीन गडी आहेत. एकाला टिपलं तर तोच १ गुण. पण पकडला गेला तर २ गुण जाणार. आता बरोबरीत राहायलाही तीनपैकी दोन वेळा यशस्वी व्हावं लागतं. चौथा गडी बाहेर गेला, मैदान मोकळं झालं, प्रेक्षक खूश झाले आणि नेमक्या त्याच क्षणी चढाईचा भाव दुप्पट महाग झाला.

शेवटचा एकच गडी उरला की पारडं पुन्हा फिरतं. त्याला टिपलं तर १ आणि लोणाचे २ असे ३ गुण, फसलं तर २ जाणार. पाचपैकी दोन वेळा जमलं तरी हिशेब जुळतो. म्हणजे सगळ्यात अवघड जागा आहे ती तीन आणि दोन गड्यांची. ओरडणाऱ्यांना ती सगळ्यात सोपी वाटते.

यात गुणांपलीकडचाही तोटा आहे. अव्वल पकड झाली की समोरचा एक गडी जिवंत होऊन आत येतो आणि तुमचा चढाईपटू बाहेर जाऊन बसतो. महाविद्यालयाच्या संघात तो बहुतेक वेळा एकमेव भरवशाचा चढाईपटू असतो.

दुसरा नियम : तिसरी चढाई

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो. नाही घेतला तर चढाईपटू बाद आणि समोरच्या संघाला गुण. हीच ती ‘करो या मरो’ चढाई.

आता उरलेल्या तीन बचावपटूंच्या जागी उभे राहा. त्यांना घाई आहे का? अजिबात नाही. ते मागे, अंतिम रेषेजवळ सरकतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर चढाईपटूला पाच-साडेपाच मीटर आत जावं लागतं आणि तेवढंच अंतर कापून परत यावं लागतं. बोनस गुण तर नाहीच, कारण सहा गडी नाहीत. शहाणा चढाईपटू निदान रेषा ओलांडतो आणि परत येतो. एक चढाई रिकामी. पुढची तशीच. दुसरी रिकामी.

आणि मग येते तिसरी. पहिल्या दोन चढायांत घड्याळ कुणाच्याच विरोधात नव्हतं. तिसऱ्या चढाईत ते पूर्णपणे बचावाच्या बाजूने उभं राहतं. बचावपटूंनी काहीच केलं नाही, नुसते ३० सेकंद अंग चोरत काढले, तरी गुण त्यांचा. चढाईपटू येणार, खोल येणार आणि कुणाला तरी शिवायचा प्रयत्न करणार हे त्यांना आधीच माहीत असतं.

बचावाची अर्धी लढाई असते ती समोरचा काय करेल हे ओळखण्याची. तिसऱ्या चढाईत ती अर्धी लढाई नियमानेच जिंकून दिलेली असते.

मग तिसऱ्या चढाईत झोकून देणारा चुकतो का?

इथे हिशेब पुन्हा बदलतो, आणि व्हिडिओखाली शेरे मारणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट हीच आहे.

पहिल्या किंवा दुसऱ्या चढाईत रिकामं परत येण्याची किंमत शून्य असते. त्यामुळे तिघांच्या घोळक्यात शिरायचं तर तीनपैकी दोन वेळा जमेल एवढी खात्री हवी. त्याहून कमी असेल तर परत येणंच बरोबर.

तिसऱ्या चढाईत मात्र रिकामं परत येण्याची किंमत आहे एक गुण. तो तर जाणारच आहे. मग शिरून पकडलं गेलं तर जादा नुकसान एकाच गुणाचं, आणि टिपलं तर फायदा दोन गुणांचा, एक मिळालेला आणि एक वाचलेला. या हिशेबात तीनपैकी एकदा जमलं तरी शिरणं योग्य ठरतं.

तीच उडी, तेच तिघे, तोच चढाईपटू. पहिल्या चढाईत ती उडी उतावळेपणा ठरते आणि तिसऱ्या चढाईत शहाणपणा. पण शहाणपणाची असली तरी ती तीनपैकी दोनदा फसू शकते. म्हणजे तिसऱ्या चढाईत पकडलेल्या पोराने बहुतेक वेळा बरोबर निर्णय घेतलेला असतो. फक्त त्याच्या वाट्याला वाईट जागा आलेली असते. ती जागा तयार झाली आधीच्या दोन चढायांत, आणि त्याही आधी सरावाच्या मैदानावर.

मोठ्यांचंही असंच होतं

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. शेवटची दीड-एक मिनिटं उरलेली आणि गुण २८-२८. भारताचा कर्णधार पवन सेहरावत आत गेला तो ‘करो या मरो’ चढाईसाठीच. गुण घेणं भाग होतं आणि इराणला ते माहीत होतं. त्या झटापटीत पवन कुणालाही न शिवता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले आणि नेमकं बाद कोण, यावर मोठा वाद झाला. खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला.

त्या भारतीय संघात नाशिकचा आकाश शिंदे होता आणि नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदारही. दोघेही चढाईपटू, दोघेही तेव्हा पुणेरी पलटणचे. देशातल्या सर्वोत्तम चढाईपटूला तिसऱ्या चढाईत जागा सापडत नसेल, तर दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या पोराला ती सहज सापडावी ही अपेक्षाच जरा जास्तीची आहे.

अमेरिकेतही हाच पेच

शेवटच्या घासाची ही अडचण कबड्डीपुरती नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला १०० यार्डांचं मैदान कापत शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू न्यायचा असतो. १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. मधल्या मैदानात ५-१० यार्ड सहज धावणारे संघ शेवटच्या एका यार्डावर, म्हणजे मीटरभराच्या अंतरावर, अडकतात.

कारण ओळखीचं वाटेल. मधल्या मैदानात बचाव करणाऱ्यांना मागची मोठी जागाही राखावी लागते, त्यामुळे ते पांगलेले असतात. रेषेजवळ मात्र मागे राखायला फक्त १० यार्डांचा पट्टा उरतो. सगळे अकरा जण पुढे येऊन भिंत करतात. समोरचा धावत घुसणार हे त्यांना ठाऊक असतं.

१ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये सिअॅटल सीहॉक्स संघ न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या रेषेपासून फक्त एका यार्डावर होता. अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरलेला. मार्शॉन लिंचसारखा दांडगा धावपटू हाताशी असताना सिअॅटलने चेंडू फेकायचं ठरवलं, माल्कम बटलरने तो मधेच पकडला आणि पेट्रियट्स २८-२४ ने जिंकले. ‘धावले का नाहीत?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. धावून अडवले गेले असते, तर ‘फेकला का नाही?’ असं विचारलं गेलं असतं.

पुढे फिलाडेल्फिया ईगल्सने यावर उपाय काढला. चेंडू घेतलेल्या खेळाडूला मागून सहकाऱ्यांनी ढकलायचं. तो इतका चालला की २०२५ च्या मे महिन्यात त्यावर बंदी घालायचा प्रस्ताव आला. बंदीसाठी ३२ पैकी २४ मतं हवी होती, मिळाली २२. प्रस्ताव पडला.

ईगल्सकडून घेण्यासारखी गोष्ट ढकलण्याची नाही. शेवटच्या यार्डाकडे त्यांनी वेगळा प्रश्न म्हणून पाहिलं, त्यासाठी वेगळी रचना केली आणि तिचा वेगळा सराव केला. महाविद्यालयीन कबड्डीत नेमकं हेच राहून जातं.

अडतं कुठे?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत नाशिक हा वेगळा विभाग आहे. त्यातून पुढे आंतरविभागीय सामने आणि विद्यापीठाचा संघ अशी शिडी. बाद पद्धतीच्या सामन्यांत एक सामना हरला की वर्ष गेलं. तयारीला वेळ थोडा, त्यात परीक्षा आणि वर्ग. साहजिकच सराव होतो तो रोजच्या प्रसंगांचा. सात विरुद्ध सात, साखळी, कोपऱ्याची पकड, बोनस, हातस्पर्श.

समोर तीनच गडी, दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, शिट्टी वाजली, आता जा. असा सराव किती संघ करतात? सामन्यात पोर त्या जागी पोहोचतं, तेव्हा त्या जागेची त्याची खरी ओळख तिथेच होत असते.

मातीचा आणि मॅटचा फरक त्यात भर घालतो. मातीवर अनवाणी खेळत वाढलेल्या पोराची वळण्याची, घसरत मध्यरेषा गाठण्याची सवय वेगळी. मॅटवर बूट घालून पाय रोवला की तो तिथेच रुततो. पाच मीटर आत जाऊन परत फिरताना हा फरक पावलागणिक जाणवतो, आणि अंतिम रेषेजवळ तर चूक सुधारायला अंतरच उरत नाही.

तिसरी गोष्ट एकाच गड्यावरचा भार. पहिली चढाई त्याचीच, दुसरी त्याचीच, तिसरीही त्याचीच. तोवर तो दमलेला असतो आणि बचावपटूंना त्याचा डावा-उजवा पाठ झालेला असतो.

लोणाकडे जायचा दुसरा रस्ता

समोर तीन गडी उरले की सगळ्यांच्या नजरा चढाईकडे लागतात. पण त्या संघालाही चढाईला यावंच लागतं. तीनपैकी एक जण तुमच्या अंगणात येतो, समोर तुमचे सहा-सात गडी. त्याची पकड केली की गुण तर मिळतोच, शिवाय मागे उरतात फक्त दोन. यात अव्वल पकडीचा धोका नाही, दोन गुण जायची भीती नाही.

म्हणूनच तीन गड्यांवर आलेला हुशार संघ काय करतो? त्यांचा चढाईपटू तुमच्या सात जणांपुढे येऊन बोनस रेषा ओलांडून पळतो. बोनसने त्यांचा कुणी जिवंत होत नाही, पण गुण मिळतो, रिकाम्या चढायांची मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि वेळ जातो. दोन्हीकडच्या तीन-तीन चढाया प्रत्येकी ३० सेकंदांच्या धरल्या तर तीन मिनिटं गेली. २० मिनिटांच्या डावातली तीन मिनिटं. जीव वाचवणाऱ्या संघासाठी हा मोठा ठेवा आहे.

म्हणजे लोण हवा असेल तर आधी त्यांचा बोनस बंद करायचा. कोपऱ्याच्या गड्याने तिथे जागं राहायचं. लोण बऱ्याचदा असा आपल्याच अंगणात शिजतो.

आणखी एक वाट म्हणजे अवघड जागेवर थांबायचंच नाही. समोर चार-पाच गडी असतानाच एका चढाईत दोघा-तिघांना घेऊन जायचं. १ मार्च २०२४ ला प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. इतक्या कमी गुणांच्या, घट्ट सामन्यात पंकज मोहितेची चार गुणांची एक चढाई फार मोलाची ठरली. अशा चढाया मागून मिळत नाहीत हे खरं. पण समोर किती गडी असताना धोका घ्यायचा आणि किती असताना आवरायचं, हे आधी ठरवता येतं.

तिसऱ्या चढाईला कोण जाणार हेही आधी ठरवता येतं. पहिल्या दोन चढायांना दुसऱ्या फळीतले गडी पाठवून तिसरीसाठी ताज्या दमाचा चढाईपटू राखता येतो. मैदानात सात आणि बाहेर पाच राखीव गडी असतात, ते त्यासाठीच.

एका व्हिडिओची किंमत

हे सगळं फक्त खेळाचं गणित म्हणून सोडून देता येईल. पण महाविद्यालयीन कबड्डी खेळणाऱ्या अनेक पोरांसाठी हा छंद नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी लागतात ती वरच्या स्पर्धांतली प्रमाणपत्रं. तिथवर जायचं तर आधी संघात निवड व्हायला हवी. गावाकडून शहरात शिकायला आलेल्या पोराच्या घरात त्या निवडीकडे डोळे लावून बसलेली माणसं असतात. आकाश शिंदेचं नाव नाशिकच्या मैदानांवर वारंवार घेतलं जातं ते त्यामुळेच. इथून हांगझोऊपर्यंत रस्ता जातो, हे त्याने दाखवलं.

अशा वेळी पाच सेकंदांचा तुकडा फिरतो, आधीच्या दोन रिकाम्या चढाया कुणी पाहिलेल्या नसतात, आणि १९-२० वर्षांचा पोरगा ‘ऐनवेळी कच खाणारा’ ठरतो. पुढच्या सामन्यात तो तिसऱ्या चढाईला जातो, तेव्हा तीन बचावपटूंबरोबर तो शिक्काही समोर उभा असतो. मग तो निदान रेषा ओलांडून परत येतो, कारण न शिरता बाद झालेल्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. हिशेबाने मात्र चूक तीच असते.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला, तर शेरा मारण्याआधी तीन गोष्टी बघता येतील. समोर गडी किती होते? चढाई कितवी होती? आणि त्याच्या आधीच्या दोन चढायांना कोण गेलं होतं? उत्तरं तीन, तिसरी आणि ‘तोच’ अशी आली, तर प्रश्न त्या पोराला नाही, बाकावर बसून त्याला पाठवणाऱ्यांना विचारायचा.